मुंग्या कुठपर्यंत आल्या?

बरणी फुटली तेव्हा धड आवाजही झाला नाही. आजेसासूबाईंच्या काळातली चिनीमातीची बरणी, वर तपकिरी, खाली पिवळट पांढरी. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून झालं होतं, फोडणी परातीशेजारी गार होत होती आणि बरणी तेवढी धुऊन उन्हात पालथी घालायची राहिली होती. तोंडातून उजवा हात आत घालून मी तळ घासत होते. गळ्याला जुना तडा आहे हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. हात फिरवला आणि गळ्याचा एक तुकडा सुटून मनगटाच्या आतल्या बाजूला लागला.

रक्त भरपूर गेलं. एका दवाखान्यात सहा टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दहाव्या दिवशी टाके निघाले. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर आहे असं मी दोनदा सांगितलं. ‘सुजेमुळे असेल, जाईल हळूहळू’ असं दोन्ही वेळा उत्तर मिळालं. मीही शहाणपणा केला नाही, ऐकून घेतलं. बाविसाव्या दिवशी हातातला चहाचा कप कधी निसटला ते फरशीवर फुटल्यावरच कळलं, तेव्हा हाताच्या सर्जनकडे गेले. त्यांनी बोटांवरून कापूस फिरवला, अंगठा करंगळीला टेकवायला सांगितला. तो टेकेना. दोन मिनिटांत ते म्हणाले, “मीडियन नर्व्ह तुटलीय. पूर्ण.”

शेजारच्या आजी भेटायला आल्या. “नस तुटली म्हणजे रक्त किती गेलं असेल गं!” आपल्याकडे नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि ही दुसरीही. शीर म्हणावं तर तिचंही तेच. मी अकरावी-बारावीला बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते; पुस्तकात ‘चेता’ असा स्वच्छ शब्द आहे. पण ‘माझी चेता तुटली’ असं म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. तेव्हा घरीदारी ‘नर्व्ह’च चाललं.

ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखाली झालं. डोक्याच्या केसाहून बारीक दोऱ्याने दोन टोकं एकमेकांना लावली. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून मी विचारलं, “आता जोडलीय, तर बोटांना कधी कळायला लागेल?” सर्जन म्हणाले, “मी जोडलंय ते वरचं आवरण. आतले तंतू तुटल्या जागेच्या पुढे मेलेत. ते अलीकडच्या टोकापासून नव्याने वाढत जायचे आहेत. पहिले तीन-चार आठवडे काही नाही. मग साधारण रोज एक मिलिमीटर.”

घरी येऊन मी पट्टी घेतली. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर. म्हणजे एकशे ऐंशी दिवस, अधिक सुरुवातीचा महिना.

फळ्यावर चेतापेशीचं चित्र मी किती वेळा काढलं असेल याचा हिशेब नाही. डावीकडे पेशीकाया, तिला फुटलेल्या वृक्षिका, मग उजवीकडे लांब जाणारा अक्षतंतू, त्यावर मण्यांसारखी मायलिनची आवरणं आणि शेवटी पसरलेली टोकं. चार गुणांचा प्रश्न. त्या चित्रात अक्षतंतू नेहमी पोहोचलेला असतो. तो तिथे गेला कसा, वाट कोणी दाखवली, थांब कोणी म्हटलं, हे मला कोणा विद्यार्थ्याने विचारलं नाही आणि मलाही पडलं नाही. चित्रात प्रमाणही खोटं. माझ्या बोटांच्या संवेदना नेणाऱ्या पेशींचं शरीर मानेजवळ, मणक्यालगतच्या गुच्छांत असतं. नुसत्या डोळ्याला दिसणारही नाही एवढी ती पेशी आणि तिचा एक तंतू खांदा, दंड, कोपर ओलांडून बोटाच्या पेराशी जातो. फळ्यावर प्रमाणात काढायचा तर तो वर्गाबाहेर पडून जिना उतरून शाळेच्या फाटकापलीकडे न्यावा लागेल.

तंतू तोडला की पलीकडचा भाग सुकतो, हे ऑगस्टस वॉलरने 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून दाखवलं. सुकतो हा शब्दही सौम्य आहे. त्याचे तुकडे होतात, मायलिन फुटतं, भक्षक पेशी येऊन मलबा उचलतात. राहते ती रिकामी नळी आणि तिच्यातल्या श्वान पेशी. थिओडोर श्वानच्या नावावरून पडलेलं हे नाव वर्गात उच्चारलं की दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी भुंकतं. भुंकणाऱ्याला मी आता रागावणार नाही. तंतू मेल्यावर या पेशी मायलिन बनवणं थांबवतात, स्वतःची संख्या वाढवतात, नळीत एकामागे एक रांग धरतात आणि येणाऱ्या तंतूसाठी प्रथिनं सोडायला लागतात. काही प्रथिनं पायाखाली अंथरायची, उदाहरणार्थ लॅमिनिन. काही हवेतल्या वासासारखी पसरणारी. धनी गेला तरी दारात बसून राहणाऱ्या प्राण्याचं नाव त्यांना योगायोगाने मिळालंय, पण शोभतं.

वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला एक पसरट, बोटं फुटलेला भाग असतो. सान्तियागो रामोन इ काहालने 1890 मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूचे चांदीच्या क्षारांनी रंगवलेले काप बघताना तो ओळखला आणि त्याला वाढीचा शंकू म्हटलं. कमाल अशी, की समोरचं सगळं मेलेलं, स्थिर होतं. त्यातून त्याने हालचाल ओळखली. शंकू म्हणजे दार फोडायला वापरतात तसा ओंडका, पण जिवंत आणि मऊ, अशी त्याची कल्पना. मला हे पटत नाही. वीज गेल्यावर काडेपेटी शोधणारा हात बघा, तसं ते आहे. जिवंत शंकू पुढे सरकताना प्रत्यक्ष दिसला 1907 मध्ये. अमेरिकेत रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भातला चेतानलिकेचा तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात काचेखाली टांगला आणि त्यातून तंतू बाहेर पडताना तासन्‌तास बघितला. शरीराबाहेर ऊती वाढवण्याची सुरुवातही त्याच थेंबात झाली.

शंकूच्या आत काय चालतं ते मला सायकलवरून कळलं. त्याच्या बोटांमध्ये अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. पुढच्या टोकाला नवे कण जोडले जातात आणि अख्खा धागा मागे ओढला जात राहतो. पुढे भर, मागे ओढ, त्यामुळे खटाटोप भरपूर आणि प्रगती शून्य. चेन पडलेल्या सायकलचं पायडल मारत बसावं तसं. शंकूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी खालच्या लॅमिनिनसारख्या वस्तूला पकडलं आणि ती पकड आतल्या अ‍ॅक्टिनला जोडली गेली, की चेन बसते. मागची ओढ आता पुढच्या सरकण्यात बदलते. मग ट्युब्युलिनच्या नळ्या त्या मोकळ्या झालेल्या जागेत घुसतात आणि शंकूमागचा भाग तंतू होऊन बसतो. कोणत्या बाजूची बोटं लांबवायची आणि कोणत्या बाजूची आवरायची हे ठरवणारी छोटी प्रथिनं आहेत: रॅक आणि सीडीसी42 साधारणपणे ‘चल’ म्हणणारी, ऱ्हो ‘आखड’ म्हणणारी. बोटांची पकड टिकण्यात फॉर्मिन-2 नावाचं प्रथिन लागतं, हे काम आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशींवर झालंय. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते आणि फाटकाशी भाजी तेवढी घेते.

प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. तिथली मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, “काकू, आपण हातावर नकाशा काढूया.” तिने बोटाच्या टोकाकडून मनगटाकडे माझ्या हातावर हलक्या टिचक्या मारत आणल्या. मनगटाच्या जरा पुढे एका जागी टिचकी बसली आणि माझ्या तर्जनीच्या शेंड्यात झणझणून मुंग्या आल्या. तिने टिचकीच्या जागी बॉलपेनने रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर काम करताना फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पॉल हॉफमन यांनी 1915 मध्ये, एकमेकांच्या शत्रुपक्षात असताना, ही खूण वेगवेगळी लिहून ठेवली. कोवळा, मायलिन न चढलेला तंतू नुसत्या टिचकीने चाळवतो. टिचकी जिथे लागते तिथे वाढतं टोक आहे, एवढाच अर्थ.

पण मुंग्या येतात बोटात. जिथे तंतू अजून पोहोचलेलाच नाही तिथे! मेंदूच्या दप्तरी तो तंतू ‘तर्जनीचा शेंडा’ म्हणून नोंदलेला आहे. तो वाटेत तळव्यावर रखडलाय याची खबर तिथे गेलेली नाही. घरी मात्र सगळे एकच विचारायचे, “मुंग्या कुठपर्यंत आल्या?” प्रश्न शास्त्राला धरून चुकीचा होता, कारण मुंग्या पहिल्या दिवसापासून शेवटाला पोहोचलेल्या होत्या. मी दुरुस्त करायचा नाद सोडला. नागपंचमीला रेघ मनगटापासून दोन बोटं पुढे होती. गणपतीत ती तळव्याच्या मधोमध आली. मोदकाच्या कळ्या डाव्या हाताने पाडल्या, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही यातच काय ते आलं. दिवाळीला तर्जनीच्या मुळाशी. आंघोळीने पुसलेल्या रेघा लेक पुन्हा गिरवायची, त्यामुळे अभ्यंगाच्या उटण्याखाली तारखा दिसत होत्या.

याच काळात एकदा तव्यावरची पोळी उलटताना वास आला. पोळी करपली म्हणून गॅस बंद केला. वास पोळीचा नव्हता. तर्जनीचं कातडं तव्याच्या कडेला टेकून होतं, पांढरं पडलेलं, आणि मला काहीही झालं नव्हतं. त्या दिवशी रडू आलं ते दुखलं नाही म्हणून. शाळेत असताना आमची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. तिथे बोटं झिजलेल्या हातांनी विणलेल्या सतरंज्या बघितल्या होत्या. कुष्ठरोगाने बोटं ‘गळतात’ असं तेव्हा ऐकलं होतं. गळत नाहीत. चटके, काटे, जखमा कळत नाहीत, मग त्या चिघळतात आणि हाडापर्यंत जातात. त्या रोगाचा जंतू राहायला जागा निवडतो ती नेमकी श्वान पेशी. तिच्या अंगावरच्या लॅमिनिनलाच धरून तो आत शिरतो. जी पेशी तंतूला वाट दाखवणार, तीच त्याने ताब्यात घ्यायची. याहून नेमका घाव मला सुचत नाही.

तंतूला कोण बोलावतं, हे ज्या बाईने शोधलं तिची गोष्ट मला नेहमी स्वयंपाकघराची वाटते. रीता लेव्ही-मोंताल्चिनी, जन्म 1909, इटलीतलं तोरीनो. 1938 मध्ये मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांतून काढलं. तिने झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली, घड्याळजीचा चिमटा आणि डोळ्यांच्या डॉक्टरची कात्री मिळवली. प्राणी म्हणून अंडी, कारण ती बाजारात मिळतात आणि संशय येत नाही. बॉम्बहल्ले वाढल्यावर कुटुंब खेड्यात गेलं, तेव्हा सायकलवरून शेतांशेतांत फिरून ती फलित अंडी मागायची; मुलांना पौष्टिक म्हणून हवीत, असं सांगायची. मुलं नव्हतीच. गर्भ काढून घेतल्यावर उरलेल्या अंड्याचं घरात ऑम्लेट व्हायचं. भावाला हे समजल्यावर त्याने ऑम्लेट सोडलं म्हणतात. आमच्याकडे असतं तर मीच सोडलं असतं.

तिच्यासमोरचा प्रश्न गर्भशास्त्रज्ञ विक्टर हॅम्बर्गरच्या 1934 च्या एका लेखातला होता. तो तिने 1940 मध्ये गुरांच्या डब्यात जमिनीवर बसून प्रवास करताना वाचला. कोंबडीच्या गर्भाचा उमलता अवयव काढून टाकला, तर त्या अवयवाकडे जाणाऱ्या चेतापेशी कमी दिसतात. हॅम्बर्गरला वाटलं, अवयवाचा निरोप नाही म्हणून त्या तयारच होत नाहीत. रीताने रोजच्या रोज गर्भ कापून मोजणी केली आणि वेगळंच दिसलं: पेशी तयार होतात, तंतू काढून निघतात, पलीकडे कोणी नाही असं झाल्यावर मरतात. हॅम्बर्गरने तिला 1947 मध्ये अमेरिकेत सेंट लुईला बोलावलं. ती थोड्या महिन्यांसाठी गेली आणि तीसेक वर्षं तिथेच काम करत राहिली.

तिथे उंदराच्या कर्करोगाच्या एका गाठीचा तुकडा गर्भात बसवला की त्यात चेतातंतू झुंडीने शिरतात असं दिसलं. गाठ गर्भाबाहेरच्या पडद्यावर ठेवली, मध्ये कोणताच तंतू नाही, तरीही आतले गुच्छ फुगले. म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपत होतं. 1952 मध्ये ती खोक्यात दोन गाठवाले उंदीर आणि त्यांच्या खाण्यासाठी सफरचंद घेऊन विमानाने रिओ दी जानेरोला गेली, कारण ऊती काचेत वाढवणारी हेर्टा मेयर तिथे होती. थेंबात एका बाजूला गाठीचा तुकडा, शेजारी गर्भातला चेतापेशींचा गुच्छ. दिवसाभरात गुच्छाभोवती तंतूंचं प्रभामंडल उमटलं, देवाच्या तसबिरीत असतं तसं, आणि गाठीच्या बाजूला जास्त दाट.

ते द्रव्य काय हे शोधायला जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन आला. प्रथिन की न्यूक्लिक आम्ल, हे ठरवायचं होतं. सापाच्या विषातलं एक विकर न्यूक्लिक आम्ल तोडतं, म्हणून 1956 मध्ये त्याने थोडं विष घातलं. मंडल नाहीसं होईल किंवा तसंच राहील, एवढ्या दोनच शक्यता. ते आणखी दाट झालं. विषातच ते द्रव्य गाठीपेक्षा कितीतरी पट होतं. कोहेनने विचार केला, विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, मग उंदराची बघू. नर उंदराच्या लाळग्रंथीत त्याचा साठाच सापडला. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ: 118 अमिनो आम्लांच्या साखळ्यांची जोडी. त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं नवजात उंदरांना टोचली, तर त्यांचे अनुकंपी, म्हणजे हृदयासारख्या अवयवांना आपोआप चालवणाऱ्या, चेतापेशींचे गुच्छ जवळजवळ नाहीसे झाले. 1986 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. रीताबाई 103 वर्षं जगल्या, 2012 मध्ये गेल्या.

एनजीएफच्या बाबतीत मला सगळ्यांत आवडतो तो रॉबर्ट कॅम्पेनॉटचा 1977 चा प्रयोग, कारण तो वर्गात खडूने काढून दाखवता येईल इतका साधा आहे. बशीचे तीन कप्पे. मधल्या कप्प्यात पेशी. एका बाजूच्या कप्प्यात एनजीएफ, दुसरा रिकामा. तंतू भिंतीखालून शिरतात ते एनजीएफच्याच कप्प्यात. पोहोचल्यावर त्या कप्प्यातलं एनजीएफ काढून घेतलं, तर तिथले तंतू वाळतात, पेशी मधल्या कप्प्यात सुखरूप असली तरी. आज ठाऊक आहे, की शंकूवर ट्रकए नावाचं ग्राहक प्रथिन असतं. एनजीएफ त्याला चिकटलं की दोघं एका इवल्या पिशवीत बंद होऊन तंतूतून उलट दिशेने पेशीकडे निघतात. माझ्या बाबतीत बोटापासून मानेपर्यंत. पोस्टाने पोच परत यावी तशी ती पिशवी येते आणि तिच्यावर पेशी काय बनवायचं ते ठरवते. मोठ्या वयात ती गर्भातल्याइतकी या पोचेवर जगत नाही, तरी वाढीसाठी ती हवी असते.

प्रत्येक तंतूला हीच हाक कळते असं नाही. वेदना आणि उष्णता नेणारे तंतू एनजीएफच्या ओळखीचे. स्नायूंकडे जाणाऱ्यांना बीडीएनएफ आणि जीडीएनएफ ही तशीच दुसरी प्रथिनं लागतात. त्यामुळे परतीचाही क्रम असतो, आणि तो दुष्ट आहे. मला आधी दुखायला लागलं. डिसेंबरात रात्री तर्जनीत विजेचे झटके यायचे, गार पाण्याने बोट ठणकायचं, पण कापूस फिरवला तर कळत नव्हतं. एनजीएफ अडवून वेदना कमी करायचं औषध मधल्या काळात तयार झालं होतं. वेदना कमी झालीही, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले आणि 2021 मध्ये कंपन्यांनी ते सोडून दिलं. झटके येताना मी दातओठ खात स्वतःला समजावायचे, हाक पोहोचतेय. नवरा समजावायचा, गोळी घे.

फिजिओथेरपीत माझ्या शेजारच्या टेबलावर कोकणातला चोवीस वर्षांचा मुलगा असायचा. मे महिन्यात, मी कैऱ्या फोडत होते त्याच सुमारास, आंबे उतरवताना झाडावरून पडला. पाठीचा मणका मोडून आतला मज्जारज्जू चिरडला. कंबरेखाली काही नाही. माझ्या हातावरच्या रेघा तो रोज निरखायचा. एकदा म्हणाला, “काकी, रोज एक मिलिमीटर ना? मग माझं तुटलेलं अंतर तर दोन-तीन सेंटिमीटरच आहे. तुमच्याआधी माझं व्हायला पाहिजे.”

बावीस वर्षं शिकवून मला उत्तर देता आलं नाही. उत्तर मला माहीत होतं हेच वाईट. माझ्या मानेजवळच्या त्या पेशीच्या तंतूला दोन फांद्या असतात: एक बोटाकडे जाते, दुसरी मज्जारज्जूत. पेशी एक, जनुकं तीच. बोटाकडची फांदी तुटली तर पुन्हा वाढते. मज्जारज्जूतली तुटली तर जवळजवळ नाही. मॉन्ट्रिअलला अल्बर्ट अग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 च्या सुमाराला उंदराच्या पायातली नर्व्ह काढून ती मज्जारज्जूला पूल म्हणून जोडली, तेव्हा मज्जारज्जूतल्या पेशींचे तंतू त्या पुलातून सेंटिमीटर-सेंटिमीटर वाढले आणि पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरताच अडले. पेशीत धमक होती, वाटेचाच विरोध होता. 1985 मध्ये मार्टिन श्वाब आणि हान्स थोनेन यांनी काचेत दोन रस्ते ठेवले, एक पायाच्या नर्व्हचा तुकडा, एक डोळ्याच्या नर्व्हचा, जी मेंदूच्या बाजूची. एनजीएफ दोन्हीकडे भरपूर. तंतू पहिल्यात गेले, दुसऱ्यात पाय ठेवेनात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर मनाई करणारी प्रथिनं बसलेली असतात. त्यांतल्या एकाचं जनुक 2000 मध्ये सापडलं आणि त्याचं नाव पडलं नोगो. इंग्रजी शब्द, पण कानाला आपला ‘नको’च वाटतो. नोगो शंकूवरच्या ग्राहकाला लागलं की आत ऱ्हो जागं होतं, बोटं आखडतात, शंकू मिटतो. लाजाळूसारखा. नोगोविरुद्धची प्रतिद्रव्यं माणसांना देऊनही बघितलीत. ज्यांची इजा पूर्ण नव्हती अशा काहींच्या हातात थोडा फरक दिसला, एकूण निकाल मात्र आशेइतका नव्हता.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं नाही. फिजिओच्या मुलीने त्याच्या दंडांचा व्यायाम वाढवला. नोव्हेंबरात तो चाकाच्या खुर्चीतून पलंगावर एकटा सरकायला शिकला आणि गावी गेला. जाताना माझ्या हातावरची शेवटची रेघ त्याने बघून घेतली.

संक्रांतीच्या आधी रेघ तर्जनीच्या शेंड्याला पोहोचली आणि फिजिओच्या मुलीने पेन खिशात ठेवलं. मी पेढे नेले होते. ती म्हणाली, “पोहोचलं खरं काकू, पण कोण कुठं पोहोचलंय ते बघायला पाहिजे.” डोळे मिटायला लावून तिने काहीतरी टेकवलं. “कुठलं बोट?” मधलं, मी म्हणाले. तर्जनी होती.

सर्जनने आवरण जोडलं होतं. आत हजारो नळ्या, आणि कोणता शंकू कोणत्या नळीत शिरला हे नशिबावर. तर्जनीचा तंतू मधल्या बोटाच्या नळीत शिरला तर तो प्रामाणिकपणे मधल्या बोटात जातो आणि तिथून ‘मी तर्जनी बोलतेय’ असं आयुष्यभर सांगतो. रॉजर स्पेरीने 1940 च्या दशकात बेडकांच्या डोळ्यांच्या नर्व्ह तोडून डोळे उलटे फिरवले होते. तंतू मेंदूत आपापल्या जुन्या घरी अचूक परतले, पण डोळा उलटा असल्याने बेडूक वरच्या माशीसाठी खाली जीभ मारत राहिला आणि कधीच सुधारला नाही. माझं नेमकं उफराटं: डोळा सरळ, पत्ते चुकलेले. फरक एवढाच, की माणसाचा मेंदू नवे पत्ते थोडेफार पाठ करतो, घोकंपट्टी केली तर.

घोकंपट्टी सासूबाईंकडे आली. त्या एक्क्याऐंशीच्या आहेत आणि त्यांना कामच हवं असतं. वाट्या मांडतात: राजमा, हरभरे, मूग, तांदूळ, मोहरी, रवा. मी डोळे मिटायचे, त्यांनी माझ्या बोटांत एकेक ठेवायचं, बोट आणि वस्तू दोन्ही मी ओळखायची. राजम्याला पैकीच्या पैकी. मूग आणि तांदळात अजून घोळ होतो. चुकलं की त्या ‘अगं’ म्हणतात, फार चुकलं की नुसता श्वास सोडतात. फुटलेल्या बरणीचा विषय त्यांनी एकदाच काढला: तडा होता, तुला माहीत होता, मलाही होता.

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मी डोळे मिटले. बराच वेळ गेला, मग तर्जनीच्या शेंड्याला काहीतरी बारीक टोचल्यासारखं झालं.

“तर्जनी,” मी म्हणाले. “तीळ.”

“मी अजून काही ठेवलंच नाही.”

“मग मुंग्या असतील.”

सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझं बोट उजेडात धरून खरंच तपासलं. तिळगुळाचा डबा उघडा होता.